दुसरं करिअर म्हणून नर्सिंग: कोर्स निवडण्याआधी नोंदणीकडे बघा

पस्तिशीत किंवा चाळिशीत नर्सिंगकडे वळणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: सगळ्यात कमी वेळाचा कोर्स कोणता? प्रश्न रास्त आहे. घर चालवायचं असतं, मुलं शिकत असतात, हातातली नोकरी सोडायची असते. पण इथून सुरुवात केली की पुढचे निर्णय भरकटतात, कारण नर्सिंगमध्ये कोर्स ही मधली पायरी आहे. शेवटची पायरी म्हणजे नोंदणी. जिथे काम करणार, त्या देशाच्या किंवा राज्याच्या नर्सिंग कौन्सिलच्या रजिस्टरमध्ये तुमचं नाव लागलं पाहिजे. ते नसेल तर पदवी कितीही नावाजलेल्या कॉलेजची असो, नर्स म्हणून ड्युटी लावता येत नाही.

म्हणून हिशेब शेवटाकडून मांडावा लागतो. कुठे आणि कोणत्या पातळीची नर्स म्हणून नोंदणी हवी, हे आधी ठरवायचं. मग त्या कौन्सिलने मान्यता दिलेले कोर्स कोणते, ते पाहायचं. त्यातला कोणता आपल्याला झेपेल, हा प्रश्न त्यानंतरचा. क्रम उलटा झाला म्हणून वर्षं आणि पैसा वाया गेलेली माणसं या क्षेत्रात नवीन नाहीत, आणि त्यातली बरीचशी मेहनती, हुशार माणसं असतात. त्यांना रस्त्याचा नकाशा कुणी नीट समजावून सांगितलेला नसतो, एवढंच.

वयाची धास्ती मात्र मनातून काढून टाका. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने जर्मनीत कायझर्सव्हर्थ इथे तीन महिन्यांचं प्रशिक्षण घेतलं ते १८५१ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी. त्या काळाच्या मानाने ते उशिराचंच वय होतं.

इतके रस्ते आले कुठून?

१८६० मध्ये नाइटिंगेलच्या पुढाकाराने लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात प्रशिक्षणाची शाळा सुरू झाली आणि पुढची कित्येक दशकं बऱ्याच देशांत तोच नमुना चालला. मुली रुग्णालयातच राहायच्या, वॉर्डात राबायच्या आणि राबता राबता शिकायच्या. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत परिचारिकांची मोठी टंचाई झाली. तेव्हा कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधल्या मिल्ड्रेड मॉन्टॅग यांनी दोन वर्षांच्या असोसिएट डिग्रीची कल्पना मांडली आणि १९५२ मध्ये ती प्रत्यक्ष करून पाहायला सुरुवात झाली. मॉन्टॅग यांच्या डोळ्यांसमोर मर्यादित जबाबदारीची, तांत्रिक कामं करणारी वेगळी नर्स होती. घडलं वेगळंच. या कोर्समधून बाहेर पडलेल्यांनी इतरांसारखीच लायसन्सची परीक्षा दिली, त्या पास झाल्या आणि त्याच पदावर कामाला लागल्या. तेव्हापासून अमेरिकेत रुग्णालयाचा डिप्लोमा, दोन वर्षांची असोसिएट डिग्री आणि चार वर्षांची बॅचलर पदवी हे तिन्ही रस्ते एकाच दाराशी येऊन थांबतात. सगळ्यांना एनक्लेक्स-आरएन हीच परीक्षा, आणि नंतर नावापुढे आरएन (रजिस्टर्ड नर्स) हीच अक्षरं.

इतर देशांनी आपापली वाट धरली. इंग्लंडमध्ये २०१३ पासून नर्स होण्यासाठी पदवीशिवाय पर्याय उरला नाही. जर्मनीने २०२० च्या नव्या कायद्यानंतरही तीन वर्षांचं पगारी व्यावसायिक प्रशिक्षण हाच मुख्य मार्ग ठेवला, पदवीचा मार्ग त्याच्या जोडीला आहे. ऑस्ट्रेलियात तीन वर्षांची पदवी लागते. कॅनडात क्यूबेक सोडल्यास पदवी लागते, साधारण चार वर्षांची. भारतात तीन वर्षांचा जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) डिप्लोमा आणि चार वर्षांची बीएस्सी नर्सिंग हे दोन्ही नोंदणीपर्यंत नेतात. त्यामुळे परदेशातल्या एखाद्या नातेवाइकाने "मी दोन वर्षांत नर्स झाले" असं सांगितलं, तर ते खरं असू शकतं आणि तरीही तुमच्या उपयोगाचं नसू शकतं.

बऱ्याच देशांत रजिस्टरच्या दोन पातळ्याही असतात. वरची पूर्ण नोंदणीकृत नर्सची. खालची अमेरिकेत एलपीएन (लायसन्स्ड प्रॅक्टिकल नर्स), ऑस्ट्रेलियात एनरोल्ड नर्स, इंग्लंडमध्ये नर्सिंग असोसिएट आणि भारतात एएनएम (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ). खालच्या पातळीचं प्रशिक्षण एक ते दोन वर्षांचं असतं. कामाची कक्षा आखलेली असते, बरेचसे निर्णय वरच्या नर्सच्या देखरेखीखाली घ्यावे लागतात आणि पगारही कमी असतो. लवकर कमाई सुरू होणं ही ज्याची खरी निकड आहे, त्याने या पातळीला कमी लेखू नये. फक्त तिथून वर जायचा ब्रिज कोर्स आपल्या ठिकाणी खरोखर चालू आहे का, आधीच्या अभ्यासाची किती सूट मिळते, हे प्रवेशाआधी लेखी विचारावं. "पुढे करता येईल" हे तोंडी आश्वासन कामाला येत नाही.

पदवीने खरंच फरक पडतो का?

या प्रश्नावर चांगलं संशोधन झालं आहे. लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या रुग्णालयांत पदवीधर नर्सेसचं प्रमाण १० टक्क्यांनी जास्त, तिथे शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सुमारे ५ टक्क्यांनी कमी दिसली. २०१४ मध्ये युरोपातल्या नऊ देशांतल्या ३०० रुग्णालयांचा अभ्यास आला. त्यात हाच आकडा ७ टक्के निघाला, आणि एका नर्सकडे एक रुग्ण वाढला की मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते असंही दिसलं.

हा संबंध अनेक रुग्णालयांच्या आकडेवारीत दिसणारा आहे. एखादी डिप्लोमाधारक सिस्टर एखाद्या पदवीधर सिस्टरपेक्षा कमी सक्षम असते, असं त्यातून सिद्ध होत नाही. पण नोकरी देणाऱ्यांनी त्याची दखल घेतली आहे. अमेरिकेतली बरीच मोठी रुग्णालयं बॅचलर पदवीला झुकतं माप देतात. न्यू यॉर्क राज्याने तर २०१७ मध्ये कायदाच केला, की त्यानंतर नव्याने नोंदणी होणाऱ्या नर्सने १० वर्षांच्या आत बॅचलर पदवी पूर्ण करायची.

माझं मत विचाराल तर, ज्या ठिकाणी दोन वर्षांच्या कोर्समधून पूर्ण नोंदणी मिळते आणि नंतर नोकरी करत पदवी घेता येते, तिथे संसाराची जबाबदारी असलेल्या माणसाने तो रस्ता निःशंकपणे धरावा. पहिली पगाराची स्लिप दोन वर्षं आधी हातात येते, आणि पुढच्या पदवीच्या फीला अनेक रुग्णालयं हातभारही लावतात. मात्र ज्याच्याकडे आधीच एखादी पदवी आहे, त्याने दोन वर्षांच्या कोर्सला होकार देण्याआधी पुढचा भाग वाचावा.

हातात आधीची पदवी असेल तर

वाणिज्य, इंजिनिअरिंग, इतिहास, काहीही चालतं. अमेरिकेत अशा पदवीधरांसाठी अॅक्सलरेटेड बीएसएन नावाचा, म्हणजे नर्सिंगच्या बॅचलर पदवीचा जलद कोर्स आहे, बहुधा ११ ते १८ महिन्यांचा. आधीच्या पदवीतले सामान्य विषय माफ होतात आणि नर्सिंगचेच विषय दाबून शिकवले जातात. तिथे थेट मास्टर्सच्या पातळीवर प्रवेश देणारे कोर्सही आहेत, ते साधारण तीन वर्षं घेतात. ब्रिटनमध्ये पदवीधराला दोन वर्षांचं मास्टर्स करून नोंदणी मिळवता येते. ऑस्ट्रेलियातही असाच दोन वर्षांचा मास्टर्स आहे.

भारतात अशी जलद वाट नाही. बी.कॉम. असो वा एम.ए., बीएस्सी नर्सिंगसाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागतं आणि चारही वर्षं करावी लागतात. जीएनएमला विज्ञान शाखा सक्तीची नाही, पण वयाची वरची मर्यादा ३५ आहे. दोन वर्षांची पोस्ट बेसिक बीएस्सी दिसायला दुसऱ्या पदवीसारखी वाटते, पण ती आधीच नोंदणी झालेल्या जीएनएम नर्ससाठी आहे. पस्तिशीच्या उंबरठ्यावरच्या माणसाला भारतातच शिकायचं असेल, तर त्याने आजच वयाचा हिशेब कॅलेंडरवर मांडावा. एक प्रवेशवर्ष हुकलं तर दार कायमचं बंद होऊ शकतं.

जलद कोर्सचं आकर्षण मला पूर्ण कळतं, पण त्यातला एक आठवडा जवळून बघा. सोमवारी औषधशास्त्राचं लेक्चर आणि संध्याकाळी चाळीसेक औषधांची यादी. मंगळवारी स्किल लॅबमध्ये कॅथेटर म्हणजे लघवीची नळी घालण्याचा सराव, मॅनिकिनवर, म्हणजे सरावाच्या पुतळ्यावर. बुधवार-गुरुवार वॉर्डात १२-१२ तास. त्याआधी नेमून दिलेल्या रुग्णाचे आजार, औषधं, रक्ताचे रिपोर्ट वाचून केअर प्लॅन, म्हणजे त्याच्या सेवेचा आराखडा, लिहायचा. शुक्रवारी परीक्षा. शनिवार-रविवार पुढच्या आठवड्याची तयारी. असं वर्ष-सव्वा वर्ष सलग. अशा कोर्सच्या काळात बाहेर नोकरी करू नका, असं बरीच कॉलेजं स्पष्ट सांगतात, आणि ते खरोखर तसंच असतं. एखाद्या विषयात नापास झालात तर पुढची बॅच सुरू होईपर्यंत थांबावं लागतं आणि दुसऱ्यांदा नापास झाल्यावर अनेक ठिकाणी नाव कमी होतं. घरात आजारी सासूबाई, लहान मूल किंवा हप्ते असतील, तर १५ महिन्यांचा कोर्स पेलणार नाही आणि तीन वर्षांचा सहज पेलेल, असं होऊ शकतं. महिन्यांची तुलना करताना, त्या प्रत्येक महिन्यात घर कोण सांभाळणार, हे नाव घेऊन लिहून काढा.

विज्ञान आणि गणित

दुसऱ्या करिअरवाल्यांना सगळ्यात जास्त भीती याची असते. अमेरिकेत प्रवेशाआधीच शरीररचना व शरीरक्रियाशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, संख्याशास्त्र, कधी रसायनशास्त्र आणि मानसशास्त्र असे विषय पूर्ण केलेले असावे लागतात. विज्ञानाचे जुने मार्क पाच-सात वर्षांनंतर अनेक कॉलेजं धरतच नाहीत. म्हणजे जाहिरातीत १५ महिने लिहिलेला कोर्स, हे पूर्वविषय करायला लागले तर दोन-अडीच वर्षांवर जातो. कोर्सची लांबी मोजताना तुमच्या आजच्या तारखेपासून नोंदणीच्या तारखेपर्यंत मोजा. अर्जाची वाट, प्रवेश परीक्षा, पूर्वविषय, कोर्स, लायसन्सची परीक्षा, सगळं त्यात आलं.

गणित मात्र शाळेतलंच आहे, फक्त ते चुकवून चालत नाही. एक लिटर सलाईन आठ तासांत द्यायचं आहे आणि हातातल्या सेटमधून २० थेंबांचा एक मिलिलिटर होतो. आठ तास म्हणजे ४८० मिनिटं. एकूण २०,००० थेंब भागिले ४८०, म्हणजे मिनिटाला साधारण ४२ थेंब. पाचवी-सहावीचा गुणाकार-भागाकार. पण रात्री तीन वाजता, दोन घंट्या वाजत असताना तो बरोबर यावा लागतो. ब्रिटनमध्ये नोंदणीपूर्व कोर्समध्ये औषधमात्रेच्या गणिताच्या परीक्षेत १०० टक्के मार्क मिळवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आजपासून रोज अशी दोन-तीन उदाहरणं सोडवायला लागा. महिनाभरात भीती निम्मी होते.

खरी कसोटी वॉर्डातल्या तासांची

कोर्स झेपेल की नाही हे क्लिनिकल पोस्टिंग, म्हणजे रुग्णालयातलं प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण, ठरवतं, आणि नेमकं त्याबद्दलच माहितीपत्रकात सगळ्यात कमी लिहिलेलं असतं.

युरोपीय संघाच्या नियमानुसार नर्सचं प्रशिक्षण किमान तीन वर्षांचं आणि ४,६०० तासांचं असावं लागतं आणि त्यातले किमान निम्मे तास प्रत्यक्ष रुग्णसेवेचे हवेत. जर्मनीत २,१०० तास वर्गातले आणि २,५०० तास प्रत्यक्ष कामाचे. ऑस्ट्रेलियात पदवीसाठी किमान ८०० तास. आकडे निरनिराळे असले तरी या तासांना सुट्टी नाही. आजारपणात बुडालेले तास भरून द्यावे लागतात, नाहीतर नोंदणी लांबते.

हे तास तुमच्या सोयीने मिळत नाहीत. पोस्टिंग कोणत्या रुग्णालयात, कोणत्या पाळीला, घरापासून किती लांब, हे कॉलेज ठरवतं. वेळापत्रक कधी कधी जेमतेम दोन-तीन आठवडे आधी हाती येतं. सकाळी सातची पाळी असेल तर हँडओव्हरसाठी, म्हणजे आधीच्या पाळीकडून रुग्णांची माहिती घेण्यासाठी, पावणेसातला तिथे असावं लागतं. त्यात रात्रपाळ्या येतात, शनिवार-रविवार येतात. 'संध्याकाळचा कोर्स' म्हणून जाहिरात असलेल्या ठिकाणीसुद्धा पोस्टिंग बहुधा दिवसाचं निघतं. चौकशीला गेलात की प्रवेशविभागाला हाच प्रश्न धरून विचारा: गेल्या वर्षीच्या बॅचचं पोस्टिंगचं वेळापत्रक दाखवाल का? दाखवायला टाळाटाळ झाली तर तेही एक उत्तरच समजा.

ऑनलाइन नर्सिंगच्या जाहिरातींचा गोंधळही इथेच सुटतो. पूर्णपणे ऑनलाइन चालणारे बहुतेक कोर्स आधीच नोंदणी झालेल्या नर्ससाठी असतात. ती रोज वॉर्डात काम करतेच आहे, तिला फक्त पदवीचे उरलेले विषय हवे असतात. नवख्या माणसाला लेक्चर घरबसल्या ऐकता येतील, पण पोस्टिंग रुग्णालयातच. सिम्युलेशन लॅबचा, म्हणजे खोट्या वॉर्डात पुतळ्यांवर केलेल्या सरावाचा, उपयोग मोठा आहे. अमेरिकेच्या राज्य नर्सिंग मंडळांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, दर्जा चांगला असेल तर निम्म्यापर्यंत क्लिनिकल तास सिम्युलेशनने भरून निघाले तरी विद्यार्थी मागे पडत नाहीत, असं दिसलं. पण उरलेल्या तासांसाठी माणूसच लागतो.

का, ते एका साध्या गोष्टीतून सांगते. रुग्णाचे श्वास मोजायला शिकवताना सांगतात की पूर्ण एक मिनिट मोजा, आणि रुग्णाला कळू देऊ नका. मनगटावर नाडीसाठी बोटं ठेवलेली तशीच ठेवायची आणि नजर छातीच्या हालचालीकडे न्यायची. आपले श्वास कुणी मोजतंय हे कळलं की माणूस वेगळा श्वास घेऊ लागतो. तब्येत बिघडायला लागली की श्वासांची गती बरेचदा रक्तदाबाच्या आधी बदलते, म्हणून ते एक मिनिट फार मोलाचं. समोरचा माणूस घाबरलेला आहे, बोलतोय, त्याची मुलगी शेजारी उभी आहे, अशा वेळी ते एक मिनिट कसं मिळवायचं, हे मॅनिकिन शिकवू शकत नाही.

म्हणूनच माझा आग्रह असतो की पैसे भरण्याआधी काही महिने रुग्णसेवेचं साधं काम करून बघा. नर्सिंग असिस्टंट, वृद्धाश्रमातला काळजीवाहक, घरी जाऊन सेवा देणाऱ्या संस्थेत मदतनीस, जे मिळेल ते. अंथरुणात स्नान घालणं, अशक्त माणसाला कुशीवर वळवणं, ओला झालेला बेड रुग्णाला न उठवता बदलणं, चिडलेल्या नातेवाइकाशी शांतपणे बोलणं. कंबर, पाय आणि झोप यांचं काय होतं ते कळतं. काही जणांना पहिल्या पंधरवड्यातच समजतं की आपल्याला माणसांच्या उपयोगी पडायचं आहे, पण या प्रकारे नाही. त्यांच्यासाठी लॅब, रेडिओलॉजी, फिजिओथेरपी, औषधनिर्माण, समुपदेशन असे चांगले रस्ते मोकळे आहेत. आणि काही जणांचा निर्णय तिथेच पक्का होतो. पुढे अभ्यासाच्या रात्री त्यांना फारशा जड जात नाहीत.

मान्यता तपासताना

एक मान्यता नर्सिंग कौन्सिलची, जिच्यावर तुमची नोंदणी अवलंबून. दुसरी शैक्षणिक दर्जाची, जिच्यावर पुढची पदवी, क्रेडिटचं हस्तांतर आणि काही सरकारी नोकऱ्या अवलंबून. भारतात राज्य कौन्सिल आणि इंडियन नर्सिंग कौन्सिल, दोन्हींकडे पाहावं. अमेरिकेत राज्याचं नर्सिंग बोर्ड आणि त्याखेरीज एसीईएन किंवा सीसीएनई या नर्सिंग शिक्षणाचा दर्जा तपासणाऱ्या संस्था. कॉलेजच्या वेबसाइटवरचा शिक्का पाहून थांबू नका, कौन्सिलच्या स्वतःच्या यादीत कॉलेजचं नाव आणि चालू वर्ष शोधा.

ही सावधगिरी उगाच नाही. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या तपासयंत्रणांनी फ्लोरिडातल्या नर्सिंग शाळांमधून ७,६०० हून अधिक बोगस डिप्लोमा विकले गेल्याचं प्रकरण उघड केलं. ते घेणाऱ्यांपैकी सुमारे २,४०० जण लायसन्सची परीक्षा पासही झाले होते, तरी क्लिनिकल प्रशिक्षणच नव्हतं. अनेक राज्यांच्या बोर्डांनी अशा लोकांची लायसन्स रद्द करायला सुरुवात केली.

परीक्षेच्या निकालाची टक्केवारी अमेरिकेत राज्य मंडळं कॉलेजनिहाय जाहीर करतात. ती पाहावीच. पण जोडीने हेही विचारा, की शंभर जणांनी प्रवेश घेतला तर वेळेत किती बाहेर पडले. शेवटच्या सत्रात कच्च्या विद्यार्थ्यांना परीक्षेला बसूच न देणाऱ्या कॉलेजचा निकाल ९५ टक्के दिसू शकतो, आणि वगळलेल्यांचा खर्च ज्याचा त्याने सोसलेला असतो. ही गोष्ट मला फार खुपते, कारण वगळल्या जाणाऱ्यांत घर आणि नोकरी सांभाळून शिकणारे आधी येतात.

उद्या परदेशी जायचं असेल

हा विचार कोर्स सुरू होण्याआधी करायचा, संपल्यावर नव्हे. ब्रिटनमध्ये अर्ज करतानाच प्रौढ, बाल, मानसिक आरोग्य किंवा अध्ययन अक्षमता यातली शाखा निवडावी लागते. तिथे प्रौढ शाखा करून नोंदणी झालेल्या नर्सला अमेरिकेतल्या काही राज्यांत बालरोग, प्रसूती आणि मानसिक आरोग्याचे तास कमी पडतात म्हणून जास्तीचे कोर्स करावे लागतात. कॅलिफोर्नियात तर एखाद्या विषयाचं शिक्षण आणि त्याचं क्लिनिकल काम एकाच काळात झालेलं असावं लागतं. फिलिपिन्समध्ये शिकलेल्या अनेकांचे अर्ज याच अटीवर अडकले. जर्मनीत मान्यतेसाठी जर्मन भाषेची पातळी साधारण बी२ (रोजचं आणि कामाचं बोलणं सहज जमेल अशी) लागते, म्हणजे भाषेलाच वेगळं वर्ष धरायला हवं.

यातून एकच सवय लावून घ्या. पहिल्या दिवसापासून प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम, थिअरीचे तास, क्लिनिकल तास, वॉर्डाचं नाव आणि तारखा यांची फाइल ठेवा, शिक्क्यासकट. दहा वर्षांनी कॉलेजचं रेकॉर्ड मिळेलच याची खात्री नसते.

तुमच्या जुन्या नोकरीचं काय?

तिचे क्रेडिट क्वचितच मिळतात. शिक्षिकेला रुग्णाला घरी जाताना औषधं समजावून सांगणं सोपं जातं, हॉटेलात काम केलेला माणूस गर्दीच्या पाळीत गडबडत नाही, हिशेबनीसाची चार्टिंग नीटनेटकी असते. पण त्यामुळे कोर्सचा एकही तास कमी होत नाही. ब्रिटनमधल्या पदवीधर मास्टर्ससाठी मात्र आधीच्या पदवीतलं आणि रुग्णसेवेच्या अनुभवातलं शिक्षण विचारात घेतात, म्हणून त्या अनुभवाचे तास लिहून, वरिष्ठाची सही घेऊन ठेवावेत.

प्रवेश ठरला की किरकोळ वाटणारी कामं लवकर उरका. पोलिस पडताळणी, फिटनेस, लसीकरण. हिपॅटायटिस बीच्या तीन डोसांना नेहमीच्या वेळापत्रकाने सहा महिने लागतात, आणि त्याशिवाय बरीच रुग्णालयं विद्यार्थ्याला वॉर्डात घेत नाहीत.

नोंदणीनंतरचं पहिलं वर्ष

चाळिशीत पास झालेली नर्स वॉर्डात सगळ्यात कनिष्ठ असते. जिच्याकडून कामाचा आढावा घ्यायचा ती सिस्टर सव्वीस वर्षांची असू शकते, आणि तिला त्या वॉर्डातलं तुमच्यापेक्षा खूप जास्त कळत असतं. आधीच्या नोकरीत दहा माणसं हाताखाली असलेल्याला हे जड जातं. ज्याला जातं त्याने त्याबद्दल घरी मोकळेपणाने बोलावं, कारण या वर्षात एकटं पडणं वाईट.

रुग्णालयारुग्णालयात इथे जमीन-अस्मानाचा फरक असतो. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी नव्या नर्ससाठी सुमारे वर्षभराचे रेसिडेन्सी कार्यक्रम, म्हणजे देखरेखीखाली कामाचे कार्यक्रम, आहेत; ब्रिटनमध्ये प्रिसेप्टरशिप, म्हणजे अनुभवी नर्सची सोबत, असते. काही ठिकाणी मात्र दोन आठवड्यांत पूर्ण वॉर्ड सोपवून मोकळे होतात. नोकरीच्या मुलाखतीत पगाराइतकंच हे विचारा: ओरिएंटेशन किती आठवडे, माझ्यासोबत ठरलेली अनुभवी नर्स कोण, स्वतंत्रपणे पहिली रात्रपाळी कधी लागेल, आणि त्या रात्री माझ्याकडे किती रुग्ण असतील. चौथ्या प्रश्नाचं उत्तर आकड्यात मिळेपर्यंत सही करू नका.